कोळशानं धरलेलं विष

सप्ताहाच्या पंगतीला सारं गाव लोटतं, पण सकाळी मोठे पितळी गंज, म्हणजे पातेली, घासायला मोजकीच माणसं येतात. हे गावोगाव असंच आहे, मंडळी!

आसेगावच्या देवळामागं वैजयंती पदर खोचून बसली. शेजारी संगीता चिंचेच्या पाण्यात कोळशाची पूड कालवत होती.

"घास वो. मारोतभाऊनं फुकट पाठवला कोळसा. देवमाणूस!"

वैजयंतीनं थैली पाहिली अन् तिचा हातच थांबला. थैलीला लाल दोऱ्याची शिवण होती, तिच्याच हातची! तिचा बचतगट कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कोळसा करून मारोतरावांच्या कारंजा गावातल्या कारखान्याला देत असे. तिथं टाळांना, घंटांना मुलामा चढे. उरलेलं क्रोम-निकेलचं विषारी पाणी या कोळशातून गाळूनच नाल्यात सोडत. कोळशाची बारीक छिद्रं तो धातू धरून ठेवतात. वापरलेला कोळसा मात्र बंद पिंपात भरून घातक कचऱ्याच्या गाडीला द्यायचा असतो.

"संगीते, हात काढ! धू पह्यले!"

तेवढ्यात गळ्यात टाळ अडकवलेले मारोतराव आले.

"भाऊ, हा कारखान्यात वापरलेला कोळसा व्हय?"

"हाव. पाणी तं साफ झालं ना? मंग फेकाचा कायले?"

"पाण्यातलं विष गेलं कुठं मंग? ह्याच्यातच हाये! चिंचेचं आंबट लागलं का कोळसा ते सोडते. अन् याच गंजात वरण शिजन!"

"वैभवी तुमचीच नात ना?" संगीता फणकारली. "पह्यल्याच पंगतीत बसते म्हणे!"

मारोतरावांनी गंजाकडं पाहिलं.

"राखी बांधली म्या तुमाले," वैजयंतीचा आवाज फाटला. "आमच्या कोळशानं नाला वाचला, असं गावभर सांगत फिरली. अन् तुमी आमच्याच हातचं आमच्याच ताटात वाढून राह्यले!"

कीर्तनकार रुख्मिणीताई ओसरीवर उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मारोतराव, महादेवानं हलाहल कंठात धरलं. गळा निळा पडला, पण थुकलं नाही. थुकलं असतं, तं त्याले देव कोण म्हणलं असतं? कोळशानं आपलं काम केलं. तुमी काहून नाही केलं?"

मारोतरावांनी टाळ उतरवून पायरीवर ठेवला.

"गाडीवाल्याची किटकिट वाटे, ताई. म्हणलं, कोणाले समजते... चुकलो!"

त्यांनी स्वतः वरणासाठी पेटवलेली चूल विझवली. कोळसा अन् चिंचेचं पाणी थेंब न सांडता कारखान्यातून मागवलेल्या पिंपात भरलं. गंज बाजूला काढून दुसरी भांडी मागवली. पंगत उशिरा बसली, तेव्हा कारण त्यांनीच साऱ्यांसमोर हात जोडून सांगितलं.

"अन् पुढची राखी, ताई?" त्यांनी वैजयंतीला हळूच विचारलं.

"गाडी येऊ द्या. मंग पाहू."

वैजयंतीनं रिकामी थैली पिंपात टाकली अन् झाकण घट्ट लावलं.

मंडळी, विष पकडलं म्हणजे संपलं नाही! ते दुसऱ्याच्या दारात न सोडता शेवटपर्यंत सांभाळणं, हीही देवाचीच सेवा आहे.