उतारावरचे दत्त

बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या मागून जी वाहते तिला दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळे नाला म्हणत. मग तिच्या काठाने सपाट लाद्यांची वाट झाली, कठडे आले, टोकाला छोटी बाग झाली आणि फलक लागला, ‘सुगम नदीपथ : ज्येष्ठ व दिव्यांगांसाठी’. तेव्हापासून ती नदी झाली.

वाट काठावर उंच आहे. तिच्या तोंडाशी सहा पायऱ्या आणि शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार. ज्यांच्यासाठी वाट केली ते काही लगेच आले नाहीत. आले ते पायऱ्या टणाटण चढणारे धडधाकट लोक. उतार रिकामा राहिला आणि मुंबईत रिकामा कोपरा म्हणजे थुंकायचा कोपरा. म्हणून सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष सुबोध परब यांनी उताराच्या भिंतीवर दत्ताची एक टाइल चिकटवून घेतली. थुंकणं त्याच दिवशी थांबलं.

टाइल कशासाठी आहे हे मला कळत होतं. पण माझा रोजचा नेम आहे. आंघोळ, पूजा, दिवा, मगच चहा. देव दिसला आणि त्याला तसाच अंधारात ठेवून पुढे गेले, असं माझ्याने होत नाही. त्यात तेव्हा आमचे हे इस्पितळात होते. साखरेच्या आजाराने उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. मी टाइलपुढे पणती लावली आणि मनात म्हटलं, “महाराज, यांना या वाटेने बागेपर्यंत स्वतःच्या हातांनी जाऊ दे. मी रोज दिवा लावीन.”

मुंबईत देवापुढचा दिवा फार दिवस एकटा राहत नाही. आठवड्यात हार आला. मग उदबत्तीचं घर. मंडळातल्या रत्नप्रभाताईंच्या मुलीचं लग्न जमलं, तर त्यांनी हातभर उंचीची मूर्ती आणली, चौरंगासकट. उतारावर चौरंग तिरका होतो म्हणून खाली विटा रचल्या. पुढे चटई आली, घंटा आली, चपलांचा स्टँड आला. “पहिला दिवा काकूंचा हं,” असं कुणी म्हटलं की मी मान खाली घालायची. पण खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

आणि इस्पितळातून घरी आल्यावर एका गुरुवारी हे खाली आले. दशरथ नाव यांचं. आधी गिरणीत, ती बंद झाल्यावर विक्रोळीला कारखान्यात फिटर. पाय गेला तरी हात लोखंडाचेच. खुर्चीची चाकं स्वतः फिरवत, मला हात लावू न देता, उतारापर्यंत आले आणि थांबले. पुढे चपला, चटई, विटा, चौरंग आणि चौरंगावर महाराज.

“कोणी मांडल्यान ह्या?” यांनी विचारलं. मालवण सुटून पन्नास वर्षं झाली, भाषा सुटली नाही.

“लोकांनी,” मी म्हटलं.

“आणि पयलो दिवो?”

मी पदर सारखा करत राहिले.

सुबोध धावत आला. “काका, टेन्शन नाय घ्यायचं! आम्ही चौघं उचलतो ना तुम्हाला, खुर्चीसकट. सेवा आहे यार ही.”

“चौघांच्या खांद्यार माणूस एकदाच जाता रे,” हे म्हणाले. “माझो नंबर अजून येवचो आसा.”

चौघांनी हात मागे घेतले. मी हळूच विचारलं, “मूर्ती जरा बाजूला घेऊ या का?”

“काकू, तुम्ही म्हणताय हे? तुम्ही?” रत्नप्रभाताईंचा आवाज चढला. “बसलेला देव उठवायचा?”

“जागृत आहे, काकू,” सुबोध म्हणाला. “हात कोण लावणार? वाट लागेल ना आपली.”

मंडळाची बैठक झाली. दिव्यांगांसाठी दुसरा उतार मिळावा, असा अर्ज करायचं एकमताने ठरलं. हे घरी खिडकीशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी जेवण अर्धं ठेवलं आणि म्हणाले, “तुझो देव पावलो गो. फकत वाटेत बसलो.”

त्या रात्री जप करताना माझी मोजणी तीनदा चुकली.

पुढच्या गुरुवारी आरतीच्या वेळी मी यांना हट्टाने खाली आणलं. आरती संपली तशी मी पुढे झाले. गंध, फूल, दहीभाताचा नैवेद्य. मग अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागची किंचित हलवली.

“काकू!” सुबोध ओरडला.

“उत्तरपूजा झाली,” मी म्हटलं. “गणपती आपण दरवर्षी उठवतोच की. तेव्हा कुणाची वाट लागत नाही.”

मूर्ती वाटली होती तेवढी जड नव्हती. मी ती यांच्या मांडीवर ठेवली आणि चाकांसाठी हात मोकळे राहावेत म्हणून यांच्या कमरेला माझ्या शालीने बांधली.

“गो, ह्या काय?”

“चला,” मी म्हटलं.

रत्नप्रभाताईंनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा उताराकडे. आणि एकदम ओरडल्या, “अरे बघताय काय? बाजूला व्हा! महाराज निघालेत!”

चपलांचा स्टँड दोघांनी उचलला. चटई गुंडाळली गेली. चौरंग गेला. ज्या विटा हलवायला नकोत म्हणून दुसऱ्या उताराचा अर्ज करायचा होता त्या सुबोधने स्वतः, नव्या ट्रॅक पँटची पर्वा न करता, छातीशी धरून हलवल्या. गेल्या गुरुवारी यांच्यासाठी इंचभरही मोकळा न झालेला उतार मिनिटात मोकळा झाला.

हे चढले. दोनदा थांबून, दात खाऊन, पण स्वतःच्या हातांनी. मागून टाळ वाजत होते. यांच्यासाठी नव्हे, पण यांच्याच मागे. वाटेवर समोरून येणारे लोक कठड्याला टेकून नमस्कार करत होते. बागेत पोहोचल्यावर हे बाकाशेजारी खुर्ची लावून बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. शर्ट घामाने भिजला होता.

सुबोध घाम पुसत आला. “काकू, या झाडाखाली झकास जागा आहे. महाराजांना इथेच बसवू या ना?”

मला पटलं. मी शालीच्या गाठीला हात घातला, तर यांनी माझा हात धरला.

“खयच बसवूचे नाय,” हे म्हणाले. “माका परत उतरूचा आसा.”