थुंकीवर जगलेला चष्मा

मी बोलतोय. इकडंतिकडं काय बघताय? वर बघा. स्वयंपाकघरात, लाल मिरच्यांच्या माळेशेजारी खिळ्याला लटकलाय ना, तो मी. समुद्रात बुडी मारताना डोळ्यांवर चढवतात तो चष्मा. माणसाचं नाकसुद्धा माझ्या पोटात येतं. त्यामुळं भलेभले देखणे लोक माझ्याआड बेडकासारखे दिसतात, आणि मला त्याची फार मजा वाटते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला, मला ठाऊक नाही. डबीवर लिहिलं होतं म्हणे, पण आपल्याला कुठं वाचता येतंय? ज्यानं मला विकत घेतलं तो उत्तरेकडचा लांबोडका गोरा होता. तिकडची थंडी चुकवायला समुद्रकाठच्या आमच्या ला पास गावाला आला, बुड्या मारल्या, उन्हात भाजून शेंदरासारखा लाल झाला आणि मला होडीतच विसरून घरी गेला. होडी चेमोची. चेमोनं मला उचललं, आत बघितलं आणि थू करून थुंकला.

मी म्हटलं, मेलो! काय अपमान हा! पण नंतर कळलं, ही आमची आंघोळ असते. आत थुंकायचं, बोटानं काच चोळायची, समुद्राच्या पाण्यात विसळायचं. असं केलं की पाण्याखाली काच धुरकटत नाही. हिवाळ्यात येणारे नाजूक पाहुणे "शी!" करायचे आणि सुगंधी औषधाची बाटली काढायचे. त्यांच्या नाकावर बसलो की मी मुद्दाम धुरकटायचो. समुद्रसिंहाची पिल्लं येऊन त्यांच्या पायातले रबरी पंखे ओढायची आणि त्यांना वाटायचं, बायकोच ओढतेय! वर आल्यावर जी भांडणं व्हायची, ती ऐकायला मी होडीच्या कडेला टांगून घ्यायचो.

चेमोशी मात्र माझं जमलं. एकच दुखणं होतं, त्याची मिशी. झाडूसारखी! माझं रबर तिच्यावर नीट बसेना, खालून पाणी झिरपायचं. मिशीला तो कसलंतरी मलम चोपडायचा, पण कात्री लावायचा नाही. तशाच गळक्या चष्म्यातून त्यानं सगळी खाडी बघितली.

आणि त्यानं जे बघितलं, ते रोज घरी येऊन तेन्चाला सांगितलं. तेन्चा म्हणजे त्याची बायको. आयुष्यभर समुद्राच्या काठावर राहिली, पण पाण्यात घोट्याच्या वर कधी गेली नाही.

"आज पुन्हा आली होती गं, ठिपक्यांची मुशी. बसएवढी!" चेमो सांगायचा. शहाणे लोक तिला व्हेल शार्क म्हणतात. दर हिवाळ्यात आमच्या खाडीत चरायला येते.

"गेल्या वर्षी टेम्पोएवढी होती," तेन्चा पोळी उलटत म्हणायची. "खाते काय ती, तुझ्या थापा?"

सगळी गल्ली हसायची. चेमोही हसायचा, पण मी रोज त्याच्या तोंडावर बसणारा, मला त्याच्या गालातलं हसू कुठं थांबतं ते कळायचं.

एका हिवाळ्यात डॉक्टरनं सांगितलं, कानाचे पडदे गेले, आता खोल बुड्या बंद. चेमोनं ठरवलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या कांदेलारियाच्या सणाला होडी मुलीच्या हाती द्यायची. मुलगी नेरेइदा पाहुण्यांना हवेच्या टाक्या लावून खाली न्यायची, बापापेक्षा तयार. होडी देण्याचं त्याला दुःख नव्हतं. त्याला फक्त एक पाहिजे होतं. होडी सोडायच्या आधी तेन्चानं ती मुशी एकदा बघावी. नाहीतर तो कायमचा गल्लीतला थापाड्या म्हणून घरी बसणार होता.

पण तेन्चाला पाण्यात उतरवणार कोण? ते काम केलं एका गोड रोटीनं.

जानेवारीत तीन राजांच्या सणाला आमच्याकडं हातातल्या कड्यासारखी गोल, मोठी गोड रोटी कापतात. आत बोटाच्या पेराएवढा, बाहुलीसारखा बाळ येशू लपवलेला असतो. ज्याच्या तुकड्यात निघेल त्यानं कांदेलारियाला सगळ्यांना तमाल घालायचे. मक्याचं पीठ मळायचं, मांस भरायचं, पानात गुंडाळून उकडायचं, मरणाचं काम. म्हणून जो तो जपून चावतो.

त्या दिवशी चेमो चावता चावता थांबला. डोळे गोल झाले. मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं तो मिशी पुसत मागच्या खोलीत आला, गालातून बाळाला काढलं आणि माझ्या नाकाच्या खोबणीत कोंबलं. बाहेर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते.

"कुणीतरी गिळलं वाटतं," चेमो बाहेर जाऊन म्हणाला. "देव आतमध्ये गेला, पुण्यच लागेल."

मग उत्तरेचा वारा सुटला. असला वारा आला की बंदरावर लाल झेंडा चढतो आणि होड्या वाळूवर बसून राहतात. पाहुणे हॉटेलात कुढत बसले, चेमो जाळी विणत बसला, आणि माझ्या नाकात बाळ येशू बसला. चेमो साफ विसरला.

वारा पडला त्या सकाळी किनाऱ्यावर पाहुणे जमले. तेन्चा डबा घेऊन आली होती. चेमोनं सवयीनं मला उचललं, थुंकायला तोंड लावलं, आणि टप! बाळ येशू तेन्चाच्या चपलेवर.

तेन्चानं सावकाश वाकून तो उचलला.

"हे काय रे म्हाताऱ्या?"

"कुठं काय?"

"बाळ येशू तुझ्या चष्म्याच्या नाकात काय करतोय?"

"पोहायला आला असेल. पाणी चांगलंय आज."

नेरेइदा वाळूत बसकण मारून हसायला लागली. काही न कळता पाहुणेही हसले.

"तमाल तूच करायचे," तेन्चा म्हणाली. "विकतचे नाहीत. पीठ तू मळायचं, पानं तू धुवायची. अख्ख्या गल्लीला."

चेमोनं मान खाली घातली. मग एकदम वर केली. ती नजर मला माहीत आहे, मासा गळाला लागला की अशी होते.

"करतो. सगळं करतो. पण तू एकदा हा चष्मा लावायचा. फक्त एकदा."

"मी? ह्यात तू इतकी वर्षं थुंकलायस!"

"मग तूही थुंक. बरोबरी होईल."

तेन्चानं बाळाकडं बघितलं, चेमोकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

नेरेइदाचा रबरी पोशाख तिला कमरेपर्यंत आला आणि तिथंच अडला. वरून चेमोचा सदरा आणि तरंगायचं जाकीट. होडीच्या दोन्ही कडा धरून ती अशी बसली, जशी होडी तीच बांधून ठेवतेय. आधी नेरेइदा पाहुण्यांना घेऊन समुद्रसिंहांच्या बेटापाशी खाली उतरली. तोवर तेन्चा नवऱ्याला सांगत होती, "बुडाले तर तुला वर येऊन मारीन."

मग आम्ही खाडीत आलो. नेरेइदानं हात वर केला. पाण्यात एक काळी सावली होती.

"थुंक," चेमो मला पुढं करत म्हणाला.

"घे!" तेन्चा म्हणाली. "ही तुझ्या सगळ्या थापांना!"

देवाशपथ, अशी थुंकी माझ्या नशिबात कधी आली नव्हती. काच लखलखली. आणि तिच्या गालावर मी बसलो तो असा बसलो की थेंब आत येईना. मिशीच नाही ना! म्हातारपणी मला माझं खरं तोंड सापडलं.

चेमो तिचा हात धरून शेजारी तरंगत होता. त्याचा चष्मा मी एकटाच, त्यामुळं त्याला पाण्याखालचं काही दिसत नव्हतं. तो डोकं वर ठेवून नुसता तेन्चाच्या तोंडातल्या, श्वास घ्यायच्या नळीकडं बघत होता. श्वास चालू आहे ना, एवढंच.

खाली हिरवं, गढूळ पाणी. आधी ठिपके आले. मग ठिपक्यांच्या मागून मुशी आली. तोंड उघडं, दाराएवढं, आणि घाई कसली ती नाही. डोळा आमच्या समोरून गेला, बारकासा, तिच्या अंगाला न शोभणारा. मग पाठ. मग आणखी पाठ. मग पुन्हा पाठच! शेपटी येईतो तेन्चाची बोटं चेमोच्या हातात रुतली होती. आणि ती हसली. नळीतून भोंग्यासारखा आवाज निघाला. गाल वर चढले, माझं रबर सुटलं आणि भसकन् पाणी आत आलं.

खोकत खोकत ती वर आली.

"दिसली?" चेमोनं विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता. "तेन्चा, दिसली ना?"

तेन्चानं मला कपाळावर सरकवलं, तोंडावरचं पाणी निपटलं.

"काय दिसायचंय? हा तुझा मेला चष्मा धुरकटला."

बघा! आयुष्यभर मी धुरकटून लोकांना छळलं तेव्हा कुणी माझं नाव घेतलं नाही. आणि ज्या दिवशी मी आरशासारखा होतो, त्या दिवशी हा आळ! मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडलो असतो.

 परतीच्या वाटेवर पाहुणे गात होते, चेमो पाठ फिरवून सुकाणू धरून उभा. घरी आल्यावर त्यानं मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बादलीत टाकलं.

पण शब्दाला जागला. कांदेलारियाला पहाटेपासून पीठ मळत होता. कोपरापर्यंत पीठ, मिशीत पीठ. पानं बांधताना दोरा बोटालाच गुंडाळत होता. बाहेर अंगणात गल्ली जमली होती, आणि तेन्चाचा आवाज खिडकीतून आत येत होता.

"पाठीवर ठिपके, जसं कुणी पीठ शिंपडलंय. आणि तोंड? अगं, चुलीसकट मी आत मावले असते!"

चेमोचे हात पिठात थांबले.

"केवढी होती गं?" शेजारची रामोना विचारत होती.

"दोन बस. एकापुढं एक लावलेल्या."

"तुझा नवरा तर एकच बस म्हणतो."

"त्याला काय दिसतंय? त्याच्या मिशीतून पाणी गळतं!"

अंगण हसलं. चेमो बाहेर जाईल असं मला वाटलं. गेला नाही. त्यानं खिडकीतून नुसतं डोकं काढलं.

"दोन नाही गं तेन्चा," तो ओरडला. "एकच! थापा मारू नकोस!"

"तू तमाल बघ! करपले तर घरात घेणार नाही!"

तो डोकं आत घेऊन एवढा हसला की मिशीतलं पीठ तमालावर पडलं. ते तमाल गल्लीनं चवीनं खाल्ले.

त्या संध्याकाळी तेन्चानंच मला बादलीतून काढलं आणि इथं मिरच्यांशेजारी टांगलं. होडी आता नेरेइदाची, तिच्याकडं नवे चष्मे आहेत. माझं रबर कडक झालंय, पट्टा सुतळीनं बांधलाय. पण हिवाळा आला की एखाद्या निवांत सकाळी तेन्चा मला खिळ्यावरून उतरवते आणि हाक मारते, "चल रे म्हाताऱ्या. बघू, आज किती बस आहेत."

तर मी सुखात आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद अडगळीत पडला असेल तर त्याला फडक्यानं पुसून शोभेला ठेवू नका. पाण्यावर न्या. लाजू नका, शी म्हणू नका. त्याच्यावर एकदा मनापासून थुंका.