वळचणीखालचे पांढरे डाग

बाराच्या ठोक्याला चर्चची देखभाल करणारे डेल्मरकाका करवत सुरू करणार होते. चर्चच्या शेडमागचं काटेरी झुडूप कापून तिथे आणखी चार गाड्यांची जागा होणार होती. ठरलं होतं एवढंच : आजच्या फुलपाखरांच्या मोजणीत तिथे मोठ्या स्वॅलोटेल जातीची एक तरी अळी नोंदली गेली, तर झुडूप राहील.

आणि पावणेबारा वाजले होते!

पंधरा वर्षांच्या सिग्नेची ही पहिलीच मोजणी. तिची मावशी थोरा मात्र वीस वर्षं मोजणीची प्रमुख होती. मावशीची पद्धत एकच, प्रत्येक पान उलटून बघायचं, कारण अळ्या पानाखाली लपतात. सकाळपासून दोघींनी शेकडो पानं उलटली होती. मिळाले काय, तर नुसते ओरखडे.

"काय गं, सापडली का तुझी अळी?" करवत टेकवत डेल्मरकाकांनी विचारलं.

"सापडेल की! अजून पंधरा मिनिटं आहेत."

"या काट्यांनी माझे दोन शर्ट खाल्लेत, माहितीये?"

"शर्टच खाल्ले ना? तुम्ही तर शाबूत आहात!"

मावशी फिस्सकन हसली. "सिग्ने, जपून. त्या पानावर पाखराची शीट आहे, हात भरेल."

सिग्नेनं पानावरचा तो ओलसर, पांढरा-तपकिरी डाग पाहिला. शेजारच्या पानावरही तसाच. मग तिनं मान वर केली. डोक्यावर शेडच्या पत्र्याची रुंद वळचण होती.

"मावशी, वर पत्रा आहे. मग पाखरू शिटलं कुठून?"

"बसलं असेल आत फांदीवर."

"मग फांदीवर, भिंतीवर, जमिनीवर एक थेंब नको का? नेम धरून फक्त पानांवर?"

तिनं गवताची काडी घेतली आणि डागाला हळूच टोचलं. डागानं डोकं उचललं! सटकन दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि सडक्या लोण्यासारखा भपकारा सुटला.

"अगं बाई!" मावशी पानावर वाकली. "वीस वर्षं मी पानं उलटतेय, आणि ही भवानी वरच बसलीय, उघड्यावर!"

"लिही ना मावशी, लिही!"

"एका घरातल्या दोघींची साक्ष चालत नाही. दुसरी सही बाहेरच्या माणसाची लागते."

तिथे बाहेरचं माणूस एकच होतं. दोघी डेल्मरकाकांकडे बघायला लागल्या.

काका काट्यांत वाकले. स्वतः काडी टोचली, शिंगं पाहिली, वास घेतला आणि शिंकले. "शीटच म्हणालो असतो मी, शपथेवर," ते पुटपुटले आणि त्यांनी मोजणीच्या कागदावर ठसठशीत सही ठोकली.

सिग्नेनं अशी आरोळी मारली की चर्चपुढे घातलेल्या जेवणाच्या मंडपातली माणसं हातातल्या ताटल्यांसकट धावत आली. "कोणी पान उलटायचं नाही!" ती सगळ्यांना बजावत होती. "वरूनच बघा! डाग शोधा!"

साडेबारापर्यंत आकडा अठरावर गेला. मावशी कागद मिटणार, तेवढ्यात झुडपाच्या अगदी आतून काकांचा आवाज आला,

"थांब गं थोरा! इथे एक आहे, चांगली जाडजूड! सिग्ने, काडी आण लवकर!"