पाचवी गाठ

मांजरसुंब्याच्या फाट्यावर महारुद्र वाण्याचं दुकान होतं, आन् त्या दुकानात सकाळी भांडन झालं न्हाई असा दिवस उजाडत नव्हता. भांडायची ती गंगासागर, महारुद्राची बायको. वय एकोनीस, अंगानं काडी, पन नजर अशी की गड्यानं माप भरताना अंगठा आत धरला तर ती चुलीपासून वरडायची, "अंगठा काढ बाहेर!"

तिची सासू मल्लम्मा. तिचं नेमकं उलटं, तिला काहीच दिसत नव्हतं. डावा डोळा चार सालाखाली गेलता. दारावर आलेल्या एका फिरस्त्यानं सुई घालून मोती काढतो म्हनून सांगितलं. मोती ऱ्हायला जागेवर आन् डोळाच वाहून गेला. मग उजव्यात मोती धरला. आता निस्ता उजेड कळायचा. गंगासागर लगीन होऊन आली तवा म्हातारीनं सुनेचं तोंड हातानं चाचपून बघितलं आन् म्हनली, "नाक बरं हाय." तेवढंच.

एक दिवस गाडीवान धोंडीराम खबर घेऊन आला. जामखेडात डोळ्याचा डॉक्टर आलाय. धर्मशाळेत तळ ठोकलाय. पिकलेला मोती काढतो, काही घेत न्हाई. पन शनिवारी शेवटचा डोळा करनार आन् जानार.

जामखेड म्हंजे इंग्रजाचा मुलूख. इकडं आपलं निजाम सरकार, तिकडं इंग्रज, आन् मधी करोडगिरीचा नाका, म्हंजे जकातीची चौकी. आंतर दोन दिवसाचं, पन लोक असं बोलायचे की जनू लंकेला निघालेत.

"मला न्या," मल्लम्मा म्हनली.

महारुद्र तांदूळ निवडायला लागला. त्यानं जन्मात तांदूळ निवडला नव्हता. मागच्या साली तो जामखेडला गेलता, आन् बोडक्या डोक्यानं वापस आलता. पागोटं कसं गेलं ते त्यानं आजवर कुनाला सांगितलं न्हाई.

"मी नेते," गंगासागर म्हनली.

झालं. चुलतसासरे कल्याणराव धावत आले. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. ते ओसरीवर बसले, ही दाराआड पदर घेऊन उभी.

"बाईमानूस परमुलखात? आन् संगं आंधळी? अक्कल हाय का?"

"अक्कल हाय मामंजी, म्हनून तर चालले. आत्याबाईंचा एक डोळा दारात बसून गेला. दुसरा बी दारात बसूनच घालवायचा का?"

कल्याणरावांनी घसा खाकरला. मग म्हनले, "बरं. ऐकत न्हाईस तर निदान एवढं तरी ऐक. पदराला गाठी मार. ध्यानात ऱ्हातंय."

तिनं मारल्या. सोनं घरी ठेवायचं, ही पहिली. परक्याच्या हातचं पानी प्यायचं न्हाई. बैल नजरेआड करायचे न्हाईत. नाक्यावर तोंड वर करून बोलायचं न्हाई. त्या चौथ्या गाठीला ती जरा थबकली, पन मारली.

"आन् पाचवी सगळ्यात मोठी," कल्याणराव बोट उचलून म्हनले. "तिकडं कुनावर भरोसा न्हाई. ज्याच्या कपाळाला आपलं भस्म, तोंडात आपली बोली, तोच आपला मानूस. बोलायचं तर त्याच्याशीच. बाकी सगळे लुच्चे."

पाचवी गाठ तिनं आवळून मारली.

बेस्तरवारी उजाडता गाडी निघाली. धोंडीराम हाकायला, मागं वाकळेवर मल्लम्मा, तिच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ती तेवढी घरी ठेवता येत नव्हती. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं. गंगासागरनं शिदोरीत भाकरी, चटनी आन् फडक्यात पायलीभर फुटाने बांधले. पाटोद्याला पाहुन्याकडं मुक्काम केला, आन् शुक्रवारी दुपारी नाका आला.

नाक्यावरच्या जवानानं गाडीत भाला खुपसून बघितला.

"कां जारे बडे मियाँ?"

"डोळे बनवाया, साहेब," धोंडीराम हात जोडून म्हनला.

जवानानं गाठोडं सोडलं, वाकळ झटकली, आन् बोलता बोलता फुटान्यात हात घातला. एक मूठ तोंडात, एक खिशात. मग पुन्हा हात आत. गंगासागरनं पदराची चौथी गाठ चिमटीत धरून ठेवलती. तिसऱ्या मुठीला ती सुटली.

"फुटान्यावर बी जकात बसली का हो? किती मुठी, ते एकदा सांगा. उरले तर आमी खातो."

धोंडीरामानं डोळेच मिटले. पन जवान हसला. "तेज है," म्हनला, आन् आडवा बांबू वर केला. बांबूपल्याड गेल्यावर मल्लम्मा म्हनली, "एक गाठ गेली वाटतं."

"सैल बसली होती," गंगासागर म्हनली. पन एक गोष्ट तिनं टिपून ठेवली. हातापाशी फुटाने असले आन् तोंड चालू असलं, की मानसाचा हात त्याच्या ताब्यात ऱ्हात न्हाई.

शनिवारी सकाळी जामखेडाच्या येशीबाहेर, विहिरीजवळच्या लिंबाखाली गाडी सोडलती. मल्लम्माची अंघोळ झाली. आता लिंगपूजा, मग दोन घास, मग धर्मशाळा. पूजेबिगर म्हातारी पान्याचा थेंब घेत नव्हती. लिंगायतांत तसंच असतं, आन् मल्लम्मा तर तापात बी चुकलेली न्हाई.

तेवढ्यात एकजन आला. धुतलेलं धोतर, कपाळाला भस्माचे तीन ठसठशीत पट्टे.

"शरनार्थ, आज्जी! लांबून बोली ऐकली, म्हनलं आपलंच मानूस दिसतंय. कोन्या गावचे?"

मल्लम्माचं तोंड असं फुललं की बस. "मांजरसुंब्याचे रे बाबा. तू?"

"कपिलधारच्या अलीकडचाच की मी! आप्पाराव म्हनत्यात मला. पोटापायी इकडं पडलोय. कशाला आलात?"

धोंडीरामानं सगळं सांगून टाकलं. आप्पारावनं तोंडानं च्यक् च्यक् केलं.

"लई उशीर केला, आज्जी. डॉक्टर काल सांजच्यालाच गेला. आन् गेला ते बरं झालं. डोळा कापून बाटलीत भरतो तो! पन तुमी घाबरू नका. माझा उस्ताद हाय इथं, बाजाराच्या मागल्या बोळात. सुई घालतो, मोती खाली बसवतो. घडीभराचं काम. मी सांगितल्यावर तुमच्याकडून दमडी घेनार न्हाई."

सुई म्हनल्यावर गंगासागरला म्हातारीचा गेलेला डावा डोळा आठवला. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. भस्म ओलं होतं, आत्ताच लावलेलं. पन ओठ पानानं लाल होते, आन् पान हे काही उपाशीपोटी खात न्हाईत. डोळे दोनच जागी फिरायचे, बैलावर आन् म्हातारीच्या डबीवर.

ती सासूच्या कानाला लागली. "आत्याबाई, हा मानूस बरा न्हाई."

"कावून?"

"पान खाऊन आलाय. आन् नजर डबीवर हाय."

"तुला सगळेच चोर दिसत्यात!" मल्लम्मा मोठ्यानंच म्हनली. "नाक्यावर भांडलीस, आता आपल्या मानसाशी भांड. कल्याणरावांनी काय सांगितलं होतं? परमुलखात आपल्या बोलीचं लेकरू भेटलं, आन् ही म्हनती चोर."

"राग नका धरू, आज्जी," आप्पाराव लोन्यागत आवाजात म्हनला. "वैनी नव्या हायेत. चला, जू ठेवा."

धोंडीराम उठला बी. बैलाला जू ठेवायला लागला. गंगासागरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला त्याच्या कपाळावरचं भस्म पुसून दाखवावं वाटलं, पन दाखवायचं कुनाला? जिला पटवायचं तिला दिसत नव्हतं. बैल बोळात शिरले की संपलं. म्हातारीचा उरलासुरला उजेड बी जानार, आन् तो डोळा तिच्याच पायी गेला असं भावकी जन्मभर म्हननार.

ती एकदम गोड झाली.

"चुकलं माझं. आत्याबाई, तुमची पूजा ऱ्हायलीय, ती करून निघू. दादांची बी व्हायचीच असंल?"

"व्हायचीच की!" आप्पाराव म्हनला. "पूजा केल्याबिगर दाताला पानी लावत न्हाई मी. बापानंच लावलेली सवय."

"बघ, शिक काहीतरी," मल्लम्मा म्हनली.

"तर मग आत्याबाईंजवळ बसा. दोघं संगंच करा. मी ताजं पानी शेंदून आनते." तिनं शिदोरी उघडली, फुटान्याचं फडकं सोडून त्याच्या उजव्या हातापाशी पसरलं, जनू भस्माची पुडी शोधतेय. फडकं तसंच टाकून घागर घेतली आन् विहिरीकडं निघाली. दहा पावलं गेली. थांबली. हलली न्हाई.

आप्पाराव बोलत होता. उस्ताद कसा हाय, त्यानं कोन्या पाटलाचा डोळा कसा बनवला, कपिलधारच्या धबधब्याखाली आपन लहानपनी कसे उभे ऱ्हायचो. बोलता बोलता हात फडक्यात गेला.

कुडुम.

मल्लम्माचं बोट डबीच्या झाकनावर होतं. तिथंच ऱ्हायलं.

कुडुम, कुडुम. "आन् आज्जी, तो पाटील म्हनला…" कुडुम.

"आप्पाराव," मल्लम्मा हळूच म्हनली, "तोंडात काय हाय?"

"कुठं काय, आज्जी?" भरल्या तोंडानं तो म्हनला.

म्हातारीनं डबीचं झाकन दाबून बंद केलं. मग तिचा आवाज असा निघाला की धोंडीरामाच्या हातातलं जू खाली पडलं.

"आंधळी हाय मी, बहिरी न्हाई! पूजेआधी पानी घेत न्हाईस म्हनलास, आन् माझ्या मांडीला मांडी लावून माझेच फुटाने फोडतोस? गंगे! कुठं हायस?"

"हितंच हाय, आत्याबाई."

आप्पाराव उठला. आता त्याचा आवाज लोन्याचा न्हाई ऱ्हायला. त्यानं बैलाची वेसन धरली. "ए बाई, लई शहानी झालीस. इंग्रजाचा मुलूख हाय हा. हितं तुझा निजाम येतो का सोडवाया?" त्यानं शीळ घातली. येशीच्या भिंतीआडून दोघंजन पुढं झाले.

धोंडीराम बैलाआड झाला. गंगासागरनं घागर टाकली, गाडीवरची पराणी उपसली आन् सरळ त्याच्या पोटासमोर धरली. काठीच्या टोकाला दीड बोटाची खिळ्याची आर.

"तुझ्या उस्तादाची सुई केवढी हाय बे? एवढी? ये, आधी तुझा मोती काढते. निजाम कशाला लागतोय? वेसन सोड!"

त्यानं वेसन ओढली. तिनं आर टेकवली. निस्ती टेकवली, पन धोतराला ठिपका उमटला. तो कळवळून मागं झाला.

"आगं सोडू नको त्याला!" पाठीमागून कुनीतरी वरडलं. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई होती. तिनं पाटी खाली ठेवली आन् दगड उचलला. "हाच तो! मागच्या बाजारी एका म्हाताऱ्याला असाच बोळात नेला. आज भस्म लावून आला व्हय? त्या रोजी गळ्यात माळ घातली होती, लबाडा!"

विहिरीवरच्या बाया घागरी ठेवून उठल्या. त्या दोघांनी बाया मोजल्या आन् ते आले तसे भिंतीआड गेले. आप्पारावनं एकट्यानं पळ काढला. पळतानाबी गाल भरलेलाच होता.

गंगासागरनं पराणी काही सोडली न्हाई. भाजीवालीला विचारलं, "मावशी, डॉक्टर खरंच गेला का?"

"कोन म्हनलं? आत्ता त्याच्या आचाऱ्याला मेथी देऊन आले मी. चला, दाखवते. कडूबाई माझं नाव. आधी म्हातारीला पूजा करू द्या, मी थांबते."

मल्लम्मानं डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. कडूबाईनं शेंदलेलं पानी ती घटाघटा प्याली. कडूबाईच्या कपाळाला भस्म नव्हतं, बोलीबी निराळी होती. गंगासागरनं पदर हातात घेतला, पान्याची दुसरी गाठ सोडली आन् पाचवी दातानं सोडली. आवळून मारलेली, लवकर सुटत नव्हती.

धर्मशाळेत कंपौंडर वही घेऊन बसलता. "म्हातारीसंगं पुरुष कोन हाय? अंगठा लागतोय."

धोंडीराम पुढं सरकला. मल्लम्मानं त्याला कोपरानं मागं सारलं.

"डोळा कुनाचा हाय?"

"तुमचा, आज्जी."

"मग अंगठा बी माझाच. आन शाई."

डॉक्टरनं मोती काढला आन् सांजंला तो गेला, कंपौंडर मागं ऱ्हायला. आठ दिवस डोळ्यावर पट्टी होती. तेवढे दिवस गंगासागरनं तिला कूस बदलू दिली न्हाई, आन् म्हातारीनं तिला शिव्या द्यायचं सोडलं न्हाई. पट्टी सुटायच्या दिवशी कंपौंडरनं डोळ्यापुढं जाड भिंगाची काच धरली. मल्लम्मा बराच वेळ सुनेच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

"महारुद्र तर म्हनत होता गोरी हाय."

"तुमी काच पुसून बघा," गंगासागर म्हनली, आन् तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

मांजरसुंब्याला गाडी लागली तवा भावकी जमलीच होती. मल्लम्मा भिंग डोळ्याला धरून आपल्या पायानं उतरली. महारुद्राकडं बघून म्हनली, "वाळलास रे." कल्याणराव पुढं आले. त्यांनी गंगासागरचा पदर बघितला. दोन गाठी होत्या, तीन नव्हत्या.

"तरी मी सांगितलेलं उपयोगी पडलं की न्हाई?" ते म्हनले, आन् मल्लम्माकडं वळले. "काय वैनी, परमुलखात कुनी आपला मानूस भेटला का?"

"भेटला की," मल्लम्मा म्हनली. "फुटाने खात होता."