बावीस पानं आणि एक खिडकी

नव्या सरांचा अभ्यासक्रम बावीस पानांचा होता आणि त्याचा विषय होता रांग. माणसं रांगेत का तिष्ठतात आणि गणिताने ते तिष्ठणं कसं कमी करता येतं, हे सर कॉलेजात शिकवणार होते. त्यासाठीच त्यांना नेमलं होतं. फक्त आज एक वाजायच्या आत प्रत्येक पानावर कार्यालयाचा शिक्का पडायला हवा होता. नाहीतर विषय रद्द, आणि विषयाच्या शेपटाला बांधलेले सरही रद्द. इकडे मावशीने भाचा प्रोफेसर झाल्याचं इतक्या जणांना सांगून टाकलं होतं, की परतीची वाटच उरली नव्हती.

शिक्क्याच्या खिडकीपुढे रांग होती.

बारा वीस झाले होते. सरांच्या पुढे चौघं, मागे एकेक पान घेतलेले बारा विद्यार्थी. खिडकीतल्या शिक्केबाई एका पानाला बरोबर एक मिनिट घ्यायच्या. शिक्का उमटवायचा, वहीत नोंद करायची, मग शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत बसायचं. सरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पहिले क्रीडाशिक्षक, त्यांच्या हातात सामानाच्या मागणीची अठरा पानं. मग तीन विद्यार्थी, एकेक पान. त्यानंतर आपली बावीस. एकूण त्रेचाळीस मिनिटं, आणि खिडकी चाळीस मिनिटांत बंद.

सरांनी घसा खाकरला. "ज्याचं काम छोटं त्याने आधी जावं. म्हणजे सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं. सिद्ध झालेली गोष्ट आहे."

क्रीडाशिक्षकांना मागे सारायचं, एवढाच त्यांचा डाव होता. आपल्या हातात काय आहे, हे ते साफ विसरले.

रांगेला नियम भलताच आवडला. सगळे विद्यार्थी पुढे सरकले.

"सर, मग तुम्ही मागे," एक चष्मेवाली विद्यार्थिनी म्हणाली.

"मी का?"

"तुमची बावीस."

सर मुकाट्याने शेवटी गेले. तिथे क्रीडाशिक्षक आधीच पोचले होते. "या, या," ते म्हणाले. "तुमचाच नियम. चांगला आहे."

आता पंधरा विद्यार्थ्यांची पंधरा मिनिटं, क्रीडाशिक्षकांची अठरा, आणि बावीस पानांसाठी उरली सात. आपल्याच गणिताने सरांचा गळा धरला होता.

चष्मेवालीला दया आली असावी. "सर, पहिल्या तासाला आम्ही काय करणार?"

सर पानं उलटू लागले. बराच वेळ उलटत राहिले. "अठराव्या पानावर आहे."

"आणि तोवर?"

"प्रस्तावना, चार पानं. रांगेचा इतिहास, तीन. संदर्भग्रंथ, पाच."

"त्यातले लायब्ररीत किती आहेत?"

"एक."

"तो माझ्याकडे आहे," क्रीडाशिक्षक म्हणाले. "माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे."

सरांनी प्रस्तावना काढली. अठरा उरली. "बरोबरी," असं म्हणून क्रीडाशिक्षक खिशात नाणं चाचपू लागले. सरांनी इतिहास काढला, आणि नियमाप्रमाणे क्रीडाशिक्षकांच्या पुढे जाऊन उभे राहिले. संदर्भग्रंथही गेले. आता दहा. सर सुटले.

क्रीडाशिक्षक बोटांवर मोजत होते. "तुमची दहा झाली, की माझी तीन पानं राहतात. म्हणजे फुटबॉल येणार, पण हवा भरायचा पंप नाही येणार."

वर्षभर चपटे फुटबॉल सरांना बघवले नसते. त्यांनी वर्गाच्या नियमांची चार पानं बाहेर काढली. त्यातलं एक अख्खं पान पेन्सिलीच्या टोकाबद्दल होतं.

"दे, तूच लिही," त्यांनी चष्मेवालीला कोरा कागद दिला.

तिने लिहिलं, 'वर्गात यायचं. कळलं नाही तर विचारायचं.' चारांचं एक झालं, एकूण सात. हिशेब मिनिटाला मिनिट जुळला.

तेवढ्यात शिक्केबाईंना चष्मा सापडेना. तो डोक्यावर होता, पण हे सांगायची हिंमत कुणाला होईना. एक मिनिट गेलं. सरांनी सुस्कारा सोडला आणि 'शिक्षकाचा परिचय' हे पान घडी करून खिशात घातलं. त्यावर फोटो होता. मावशीने निवडलेला.

"सहाच?" सरांचा नंबर आला तेव्हा बाई म्हणाल्या. "लोक साठ आणतात." मग त्यांनी वरचं पान वाचलं. "पहिला तास, खिडकीपुढे उभं राहून माणसं आणि मिनिटं मोजणे. कुठल्या खिडकीपुढे?"

सर त्यांच्याच खिडकीच्या चौकटीकडे बघू लागले.

"माझी घ्या," बाई म्हणाल्या. "पण मोजताना फुंकरही धरा. लोकांना वाटतं मी उगाच बसलेय." आणि त्यांनी सहाही पानांवर जरा जास्तच मन लावून फुंकर घातली.

पंपाच्या पानावर शिक्का पडला आणि एक वाजला. खिडकी बंद झाली.

नव्या विषयासाठी नावनोंदणी दोन वाजता याच खिडकीत होती. पंधराच्या पंधरा विद्यार्थी जागचे हलले नाहीत. पण पेच पडला. अर्ज प्रत्येकाचा एकेकच, मग आधी कोण? चष्मेवालीने निकाल दिला, "बाईंना नाव लिहायला वेळ लागतो. ज्याचं नाव छोटं तो पुढे."

क्रीडाशिक्षकांनीही अर्ज भरला होता. त्यांनी आपलं पूर्ण नाव कुणालाच सांगितलं नाही. सरळ जाऊन शेवटी उभे राहिले.