हिरव्या दाराची चीर

मित्रांनो, नळकोपऱ्यावरच्या भिंतीला टांगलेला मी तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. मला सगळे फळा म्हणतात आणि मीही ओ देतो. पण आज खरं सांगतो. जन्मानं मी फळा नाही. मी एक जुनं दार आहे.

लाकडाच्या नशिबी आधी कुऱ्हाड येते, मग करवत, मग खिळे. तेवढं सोसलं की त्याला नाव मिळतं. सुतारकाकांनी चार फळ्या शेजारी शेजारी लावल्या, मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, वर हिरवा तेलरंग चढवला आणि मला पाणीवाल्याच्या चौकटीत बसवलं. पाणीवाला म्हणजे गल्लीच्या टाकीची चावी ज्याच्या हातात असे तो. पहाटे तो चावी फिरवायचा, मग सगळ्या नळांना पाणी यायचं. घरात तो आणि त्याची नऊ वर्षांची लेक, दोघंच. ती माझ्या कडीला लोंबकळून झोके घ्यायची.

"दार आहे ते, झोपाळा नाही," तो म्हणायचा.

"मग झोपाळा आणा, म्हणजे दाराला सोडते."

असं ते घर होतं. मला वाटायचं, आपलं आयुष्य असंच उघडण्यात आणि मिटण्यात सरेल.

त्या वर्षी गल्लीत ताप आला. आठवड्याभरात अकरा मुलं दगावली. लोहाराची पाच वर्षांची मुलगी त्यांतलीच. कुणीतरी म्हणालं, पाण्यातच काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले, पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलंय. तिसऱ्या दिवशी विचारायचं काही उरलंच नाही. चावी ज्याच्या हातात, त्यानंच कालवलं असणार.

ते संध्याकाळी आले. पन्नासेक माणसं असतील. पाणीवाल्यानं कडी घातली, अडसर लावला आणि मला खांदा देऊन उभा राहिला. "अरे, तेच पाणी मी पितो, माझी पोर पिते," तो आतून सांगत होता. बाहेर ते कुणाला ऐकू जात नव्हतं. मग माझ्यावर कुऱ्हाड पडली. तिसऱ्या घावाला पातं आरपार गेलं आणि माझ्या अंगात वीतभर लांब, बोटभर रुंद चीर पडली. ढलप्या उडाल्या.

त्या चिरेला पोरीनं डोळा लावला. तिच्या पापण्या मला लागत होत्या. बाहेर हातभर अंतरावर लोहाराचं तोंड होतं. तो रडत होता आणि कुऱ्हाड उचलत होता. पोरीनं त्याला पाहिलं. मीही पाहिलं.

बापानं तिला उचललं आणि मागच्या खिडकीतून बाहेर सोडलं. "आत्याकडे पळ. मागं बघू नकोस." तो परत येऊन मला टेकला आणि त्याच वेळी माझ्या बिजागऱ्या निखळल्या. मी त्याच्या अंगावर पडलो. माणसं माझ्यावर चढली. लाथा, काठ्या, कुऱ्हाडीची बोथट मागची बाजू, जे हाताला लागेल ते. मित्रांनो, त्याच्या आणि त्यांच्या मध्ये मी होतो, दोन बोटं जाडीचा. दार कशासाठी असतं, ते मला ठाऊक होतं. माझ्याच्यानं ते झालं नाही. तो माझ्याखालीच गेला.

चार दिवसांनी मोठा नळ खोलला तेव्हा आत कुजलेलं कुत्रं अडकलेलं निघालं. ते बघायला सगळी गल्ली जमली होती. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळे आपापल्या घरी गेले आणि जेवायला बसले.

मला सुतारकाकांनी उचलून नेलं. त्यांनी माझ्यावरचं रक्त धुतलं आणि मला छपरीत उभं केलं. जाळायला त्यांचा हात धजत नव्हता, विकायला तर नाहीच. अकरा वर्षं मी तिथं धूळ खात होतो. कधी कधी ते समोर येऊन बसायचे आणि हळूच म्हणायचे, "मी मागं उभा होतो रे. मी मारलं नाही. पण उभा होतो."

मी फळा झालो त्याचं निमित्तही भांडणच होतं. गल्लीतली म्हातारी धोबीण वारली. तिच्या तांब्याच्या हंड्यावरून दोघे पुतणे नळापाशीच जुंपले. एकानं दुसऱ्याच्या डोक्यात तोच हंडा घातला. टाके पडले, पोलीस आले, हंडा चेपला. या सगळ्यात धोबिणीबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. शाळेतल्या बाईंना ते फार लागलं. बाई मृदू बोलणाऱ्या, नेमधर्माच्या. त्या सुतारकाकांकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला एक फळा करून द्या. आपली म्हातारी माणसं जातात आणि मागं फक्त भांडी राहतात."

सुतारकाकांनी माझ्या कडा रंध्यानं तासल्या. भुसा आणि सरस कालवून चीर बुजवली. वर काजळीचा काळा रंग दिला. भिंतीत आकडे ठोकायला लोहार आला. मला उचलताना त्याचा अंगठा बुजवलेल्या चिरेवरून गेला आणि थांबला. लोहाराच्या अंगठ्याला सांधा कळतो. त्यानं आकडे ठोकले, मला टांगलं आणि पाणी न पिताच निघून गेला. पुढं तीस वर्षं तो नळावर यायचा, पण माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा.

बाईंनी नियम घालून दिले. कुणी वृद्ध माणूस गेलं की सात दिवस फळा त्याचा. प्रत्येक घरानं एक ओळ सांगायची, ती बाईंनी लिहायची. डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं, ऐकलेलं नाही. दुसऱ्याची ओळ कुणी पुसायची नाही. सातव्या दिवशी मेलेल्याच्या सर्वांत जवळच्या माणसानं ओल्या फडक्यानं सगळं पुसायचं. बाई स्वतः रोज सकाळी माझी चौकट पुसत, मगच पाण्याचा घोट घेत. तो त्यांचा नेम होता. त्यांनी तो अंगात ताप असतानाही मोडला नाही.

किती माणसं माझ्या अंगावर येऊन गेली म्हणून सांगू. हमालबाबांसाठी कुणी सांगितलं, 'बसण्याआधी ते शेजाऱ्याची जागा पुसायचे.' सुईणीसाठी न्हाव्यानं लिहवलं, 'हिनं मला दोनदा कानफटात मारली. दोन्ही वेळा चूक माझी होती.' घड्याळवाल्या आजोबांसाठी होतं, 'बुद्धिबळात हरायला आले की यांना खोकला लागायचा.' लोक ते वाचून हसायचे आणि हसता हसता डोळे पुसायचे. माझं फार कौतुक व्हायचं. मला वाटू लागलं होतं की आपलं पाप फिटलं.

एव्हाना पाणीवाल्याची लेक गल्लीत परतली होती. आत्यानं तिला शिवण शिकवलं होतं. सगळे तिला शिवणताई म्हणत. तिनं आल्या आल्या सांगितलं होतं की बापाला मारणाऱ्यांत लोहार पुढं होता. लोक म्हणाले, लहान होतीस, भ्यायली होतीस. दूधवाली तर तोंडावर म्हणायची, "दार बंद होतं म्हणतेस. मग बंद दारातून तोंड कसं दिसलं ग? तुझे डोळे भिंतीपलीकडचंही बघतात का?"

"दाराला चीर पडली होती."

"आण मग दार."

मी चार हातांवर टांगलेला असायचो. मला तोंड नव्हतं.

गल्लीला लोहार फार प्यारा होता. त्यानं प्रत्येक घराला जाड कडी करून दिली होती, तीही फुकट. एकट्या शिवणताईनं त्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. "माझ्या दाराला हात लावायचा नाही," एवढंच ती म्हणाली. लोकांना तो तिचा ताठा वाटला.

गेल्या वर्षी लोहार वारला. तीन दिवसांत मी भरून गेलो. दूधवालीची ओळ होती, 'पुरात यानं माझ्या आईला पाठुंगळी घेऊन छातीएवढ्या पाण्यातून आणलं.' न्हाव्याची होती, 'यानं माझी कडी तीनदा बदलली. तिसऱ्यांदा ती मोडलेली नव्हती.' सगळं खरं होतं, मित्रांनो. त्यातलं बरंचसं मीही पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी शिवणताई आली. नळावर गर्दी होती.

"बाई, पाहिलेलंच सांगायचं ना?"

"हो."

"मग लिहा. यानं माझ्या बापाला आमच्या दारात मारलं. मी पाहिलं."

बाईंनी खडू उचलला आणि परत खाली ठेवला. शिवणताई म्हणाली, "राहू द्या. मीच लिहिते." तिनं बटव्यातून आपला खडू काढला. कापडावर खुणा करायचा तो चपटा, निळा, मेणाचा खडू. तो पाण्यानं जात नाही, हे तेव्हा तिच्या मनातही नव्हतं. जो रोज हाताशी असतो तोच तिनं काढला. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं ओळ लिहिली आणि घागर उचलून गेली.

दुपारपर्यंत बातमी भट्टीवर पोहोचली. लोहाराचा थोरला मुलगा बादली आणि पोतं घेऊन आला. बाई म्हणाल्या, "सातवा दिवस होऊ दे बाळा. आणि पुसायचा मान तुझ्या आईचा आहे."

"बाई, बाजूला व्हा."

त्यानं बादली माझ्यावर रिकामी केली आणि पोत्यानं घासायला लागला. साधा खडू पाण्याला कितीसा टिकणार? दूधवालीच्या आईचा पूर वाहून गेला. न्हाव्याची कडी गेली. त्याच्या बापाचं सगळं चांगलं त्यानंच स्वतःच्या हातांनी धुऊन टाकलं. मेणावरून मात्र पाणी ओघळून जात होतं. शेवटी माझ्या काळ्याभोर अंगावर एकच ओळ उरली, निळी आणि धुतल्यामुळे अधिकच ठळक.

नळावर कुणीतरी फिसकन हसलं. तेच निमित्त झालं. थोरला धावत जाऊन घण घेऊन आला. बाई माझ्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. त्यानं त्यांना ढकललं. त्यांचं कपाळ नळाच्या कट्ट्यावर आपटलं आणि रक्त पाण्यात मिसळून मोरीकडे निघालं. न्हाव्यानं मागून त्याला मिठी मारली, तर त्याच्या कोपराच्या फटक्यानं न्हाव्याचे दोन दात पडले. आणि मग घण माझ्यावर आला. पहिल्या घावात मधली फळी उभी फाटली. दुसऱ्या घावात सुतारकाकांनी भरलेला सरस खपलीसारखा उडाला. तिसरा घाव बसलाच नाही. कारण काळ्या रंगाचे पापुद्रे गळून पडले होते आणि आतून हिरवा रंग दिसत होता. आरडाओरडा ऐकून शिवणताई परत आली होती. ती सरळ घणाखाली चालत आली.

तिनं हिरव्या रंगावर हात ठेवला. मग ती वाकली आणि चिरेला डोळा लावला. पापण्या मला लागल्या. मित्रांनो, एकेचाळीस वर्षांनी लागल्या, पण मी ओळखल्या.

"हे आमचं दार आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दूधवाली, इकडे ये. आणलं बघ दार."

दूधवाली आली, चीर पाहिली आणि खाली बसली.

तेवढ्यात लोहारकाकू आल्या. थोरला म्हणाला, "आई, तू घरी जा." त्या त्याच्याकडे न बघता माझ्यापाशी आल्या. जमिनीवर पडलेली एक हिरवी ढलपी त्यांनी उचलली आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवली.

"माझ्या घरची ओळ राहिलीय," त्या म्हणाल्या. "मला लिहिता येत नाही. तू लिहिशील?"

शिवणताईनं खडू काढला.

"लिही. त्या संध्याकाळी यांच्या केसांत हिरव्या ढलप्या होत्या. मी फणीनं विंचरून काढल्या आणि चुलीत टाकल्या."

शिवणताईनं एक एक अक्षर लिहिलं. लोहारकाकू तिच्या हाताकडे बघत होत्या. "पोरीसाठी गेले होते ग ते. आपली पोर गेली म्हणून दुसऱ्याच्या पोरीचा बाप घेतला. नंतर सगळ्या गावाला कड्या लावत सुटले." थोरल्याच्या हातातून घण केव्हा गळला ते त्यालाही कळलं नाही. तो कट्ट्याशी बसून बाईंच्या कपाळावर आपला सदरा दाबून धरत होता.

सातव्या दिवशी लोहारकाकू ओलं फडकं घेऊन आल्या. गल्लीनं पुन्हा लिहवलेल्या सगळ्या ओळी त्यांनी पुसल्या, पुराची आणि कड्यांचीही. निळ्या दोन ओळी राहिल्या. थोरल्यानं खाली मान घालून शिवणताईला विचारलं, "हा खडू कशानं जातो?"

"गरम इस्त्रीनं."

"मग?"

"इस्त्री माझ्याकडेच आहे. घाई काय आहे?"

त्यानं भट्टीत दोन लोखंडी पट्ट्या घडवल्या आणि माझ्या फाटलेल्या फळ्या आवळून ठोकल्या. चिरेवर पट्टी ठेवू लागला तेव्हा शिवणताई म्हणाली, "तेवढी मोकळी ठेव." त्यानं ठेवली. बाईंच्या कपाळावर व्रण आहे. त्यांचा सकाळचा नेम चालूच आहे. नव्या माणसांच्या ओळी आता त्या दोन ओळींच्या खाली लिहिल्या जातात.

मित्रांनो, म्हातारी माणसं गेली की त्यांना विसरू नका. पण आठवताना त्यांना धुऊन चकचकीतही करू नका. मला पुसायचं असेल तर ओल्या फडक्यानं, हळूच पुसा. तुम्ही नळावर येता आणि माझ्या चिरेला डोळा लावून बघता. पलीकडे भिंत आहे, काहीच दिसत नाही, म्हणून हसता. मला मात्र तुमचे डोळे दिसतात. आठ वर्षांचे, नऊ वर्षांचे. हसत बघणारे. ते असेच हसत राहावेत, एवढंच माझ्यासारख्या जुन्या दाराला वाटतं. बाहेर कधी माणसं जमली आणि कुणाचं दार फोडायला निघाली, तर त्यांत उभेसुद्धा राहू नका. मागं उभं राहणाऱ्याचं वजनही दारावर येतं. ते मी पेललं आहे.