टाचेमागची रेघ

सकाळचा चहा झाला तरी त्या घरात कोणी कोणाशी बोलेना. बाप पेपरात डोकं खुपसून बसलेला, लेक बुटाच्या नाड्या चौथ्यांदा सोडून पुन्हा बांधतेय, आणि मधे बसलेली आत्या दोघांकडे आळीपाळीने बघतेय. मित्रहो, असं घर पाहिलंच नाही असं म्हणू नका! काहींकडे तर हा रोजचाच कार्यक्रम असतो.

बाप बॉक्सिंगचे कोच. तरुणपणी त्यांनी एक कप जिंकला होता, तोही एकाच पद्धतीने. पुढे जायचं, बाजूने वळवून डावा हुक घालायचा आणि आणखी पुढे जायचं. लेकीलाही त्यांनी तेच शिकवलं, म्हणून सगळे तिला धडक म्हणत. व्यायामशाळेत सराव करणाऱ्याच्या टाचेमागे कोच खडूने रेघ ओढत. टाच रेघेपलीकडे गेली की वीस उठाबशा. "मागे सरतो तो बॉक्सर नव्हे, पळपुटा!" हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचंच.

आता झालं असं, की धडक एकाच मुलीकडून दोनदा हरली होती. त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. धडक पुढे धावली की भिंगरी अलगद बाजूला व्हायची आणि टकाटक दोन ठोसे मारून मोकळी. रविवारी संघनिवडीची लढत होती, आणि समोर पुन्हा भिंगरीच! हरलो तर हातमोजे कायमचे खुंटीला टांगायचे, असं धडकने ठरवलं होतं. हे फक्त आत्याला माहीत होतं.

आत्या बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. तिने शेकडो लोकांना तयार केलं, पण धाकट्या भावापुढे हात टेकले. कोच सहा गल्ल्यांचा वळसा घालतील, पण गाडी रिव्हर्समध्ये घेणार नाहीत!

त्या दिवशी आत्या मुद्दाम व्यायामशाळेत गेली. टांगलेल्या पोत्याभोवती तिने एक फेरी मारली आणि हसत सुटली.

"काय झालं ताई?" कोच म्हणाले.

"अरे, हे पोतं एकाच बाजूने चेपलंय! दुसऱ्या बाजूची शिलाईसुद्धा नवी कोरी आहे. बिचाऱ्याचा एकच गाल सुजवलात सगळ्यांनी."

"तोच हुक आहे आमचा. त्यावरच कप आणलाय मी."

"आणलास रे बाबा, रोज पुसतोस तो कप. पण तू एकच ठोसा शिकवतोस, हे आता समोरच्यालाही पाठ झालंय. गाडीला चाकं पुढे जायला असतात, तशी मागे यायलाही असतात. मागे येणं म्हणजे हरणं नव्हे."

"ताई, तू गाड्या शिकव. बॉक्सिंग मला शिकवू नकोस!"

आत्या तिथून निघाली. पण ती हार मानणारी थोडीच! गेले पंधरा दिवस तिच्या मैदानावर, शिकाऊ गाड्यांसाठी मांडलेल्या लाल शंकूंमधून, धडक सकाळी सकाळी उलट्या पावलांनी सराव करत होती. शंकू न पाडता मागे, बाजूला, पुन्हा पुढे. पाय झकास चालत होते. अडचण एकच होती.

"आत्या, बाबा समोर असले की माझी टाच मागे जातच नाही गं. ती रेघ दिसते मला."

रविवार उजाडला. नऊ वाजेपर्यंत काट्यावर उभं राहून वजन नोंदवलं नाही तर लढत बाद. कोच गाडी चालवत होते. पावणेनऊला एका अरुंद गल्लीत समोरून फर्निचरचा टेम्पो आला. कोचनी हॉर्न दाबला. टेम्पोवाल्यानेही दाबला.

"तो घेईल मागे," कोच म्हणाले.

"त्याच्यामागे पाच गाड्या आहेत," आत्या म्हणाली. "आपल्यामागे रस्ता रिकामा आहे."

आठ पन्नास! कोचचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले. मागच्या सीटवरून धडकचा आवाज आला. ती जवळजवळ रडत होती. "बाबा, माझ्यासाठी घ्या ना मागे! इथेच बसून राहिलो तर मी न लढताच हरेन."

कोचनी आरशात लेकीचा चेहरा पाहिला. घसा खाकरला. आणि गिअर टाकला! गाडी हिसके खात मागे आली, टेम्पो निघून गेला, आणि मोकळ्या गल्लीतून ते सुसाट सुटले. आठ अठ्ठावन्नला धडक काट्यावर उभी होती.

पहिली फेरी नेहमीसारखीच गेली. धडक धावली, भिंगरी सरकली, टकाटक. धडक कोपऱ्यात येऊन बसली आणि मान खाली घालून बापाचं ओरडणं ऐकायला तयार झाली.

कोच तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "पोरी, मी सकाळी गाडी मागे घेतली. काही बिघडलं नाही बघ. पोचलो की आपण! तूही ये मागे. ती रेघ मी पुसली."

काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या फेरीत ती मुलगी रिंगणात अक्षरशः नाचली. ती मागे सरली, म्हणून भिंगरी पुढे आली. भिंगरीचा ठोसा हवेत गेला आणि धडकचा उजवा हात, कोणी कधी न पाहिलेला तो उजवा हात, नेमका लागला! मग मधेच तोच जुना डावा हुक. भिंगरीला कळेना की आता काय येणार. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा पाचपैकी तीन पंचांनी कौल धडकला दिला. भिंगरीने येऊन तिला मिठी मारली आणि विचारलं, "हे कुठे शिकलीस गं?"

"ड्रायव्हिंग स्कूलमध्ये!" धडक म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

संध्याकाळी कोचनी ओलं फडकं घेऊन फरशीवरची रेघ स्वतः पुसली. मग साऱ्या शिष्यांसमोर दोन्ही कान धरून म्हणाले, "इतकी वर्षं तुम्हाला अडवलं. मोजा रे!" आणि त्यांनी उठाबशा सुरू केल्या. पोरं टाळ्या वाजवत मोजत होती, आत्या डोळे पुसत हसत होती. विसाव्या उठाबशीला लेकीनेच त्यांना हात देऊन उठवलं.

मित्रहो, ज्या पद्धतीने आपण एकदा जिंकलो, तिच्यावर आपला जीव जडतो. तिचा मान जरूर ठेवावा. पण तिची रेघ आपल्या मुलांच्या टाचेमागे ओढू नये. तुमच्या घरात अशी एखादी रेघ असेल, तर आजच ओलं फडकं घ्या!